आडनाव विचारल्यानंतरचं बोलणं

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याहून गुजरातकडे निघालं की अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर खापर गाव लागतं. पुढे थोड्याच अंतरावर महाराष्ट्राची हद्द संपते आणि सागबारा तालुका सुरू होतो. हद्दीच्या अलीकडे ज्याचं आडनाव वसावे, त्याचेच पलीकडचे भाऊबंद वसावा. देवी दोघांची एकच, देवमोगऱ्याची याहामोगी. महाशिवरात्रीच्या यात्रेला दोघंही तिथंच जातात. घरात देहवाली, बाजारात गुजराती नाहीतर अहिराणी, शाळेत आणि कचेरीत मराठी, मोबाइलवर हिंदी. इतक्या भाषा इथलं पोर दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत सहज बोलू लागतं.

हेच पोर शिकायला धुळ्याला, नाशिकला किंवा पुण्याला गेलं की पहिल्या दिवशी त्याला एक साधा प्रश्न विचारला जातो. ‘आडनाव काय?’ पाडवी, वळवी, वसावे, तडवी, पावरा असं काही उत्तर आलं की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर क्षणभर हिशेब चालतो, आणि मग पुढचं वाक्य येतं. ‘अच्छा, म्हणजे तुम्ही एसटी.’ कधी कौतुकानं, ‘पण तू तसा वाटत नाहीस हं.’ कधी थट्टेनं, ‘मग काय, तुझं काम झालंच!’ बोलणाऱ्याच्या मनात दर वेळी वाईट असतंच असं नाही. ऐकणाऱ्याला मात्र कळतं की आपण आत्ता एका खणात टाकले गेलो, आणि या खणावरची चिठ्ठी आपण लिहिलेली नाही.

2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या साडेसोळा लाख लोकसंख्येत सुमारे 69 टक्के लोक आदिवासी आहेत. संख्येनं इतके जास्त असूनही आपण कोण, हे समजावून सांगायची पाळी त्यांच्यावरच येते. उरलेल्यांना कुणी विचारत नाही. ओळखीविषयीचं बोलणं अवघड होतं ते इथूनच. दोन माणसं बोलायला बसतात तेव्हा त्यांच्यातली जमीन आधीच उतरती असते. अशा उतारावर करुणेनं बोलायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. या जिल्ह्याच्या इतिहासात ते बरंचसं सापडतं.

कवट्या मोजून काय हाती लागलं

‘वंश’ या कल्पनेचा हिशेब आधी उरकू. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातल्या पुष्कळ विद्वानांची अशी ठाम समजूत होती की माणसाची कवटी, नाक आणि रंग मोजले की त्याची बुद्धी आणि लायकी कळते. 1920 च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला शिकायला गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, या विचारातलं तेव्हाचं मोठं नाव. त्यांनी विषय दिला तो कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेचा. युरोपीय माणसाची कवटी विशिष्ट प्रकारे असमान असते आणि त्याच्या श्रेष्ठ बुद्धीचं मूळ तिथं आहे, असं गृहीतक होतं. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहून टाकलं की असमानतेचा वंशाशी असा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, ज्याच्या हाती आपली पदवी त्याच्यासमोर, पंचविशीच्या आसपासच्या मराठी मुलीनं हे लिहायला धैर्य लागलं असणार. याच इरावतीबाईंनी पुढे पश्चिम खानदेशातल्या भिल्लांचा सामाजिक आणि आर्थिक अभ्यास केला. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेशातच होता.

त्यांच्या निष्कर्षाला पुढे जनुकशास्त्रानं वेगळ्या वाटेनं दुजोरा दिला. 2009 मध्ये कुमारस्वामी थंगराज, लालजी सिंग, डेव्हिड राईश आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या अनेक समाजांचे जनुकीय नमुने तपासले. त्यांत भिल्लही होते. बहुतेक सगळे समाज दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आले आहेत, प्रमाण तेवढं कमी-जास्त, असं दिसलं. 2013 च्या पुढच्या अभ्यासानं या मिसळीचा काळ साधारण 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीचा ठरवला. त्यानंतर आपापसातच लग्नं करायची रीत घट्ट झाली. म्हणजे खापरच्या बाजारात गल्ल्यावर बसलेला आणि समोर पिशवी धरून उभा असलेला, दोघांच्याही रक्तात तीच जुनी सरमिसळ आहे. शुद्ध असं कुणी नाही.

मात्र एवढं सांगून कुणी ‘मग आदिवासी वगैरे काही नसतंच, आपण सगळे सारखे’ असं म्हणू लागला, तर तो संवाद तिथंच मोडतो. रक्तात भेद नसला तरी सातबाऱ्यावर आहे आणि पटावर आहे. राज्याच्या 2012 च्या मानव विकास अहवालात सगळ्या जिल्ह्यांत नंदुरबार शेवटच्या स्थानावर होता. ‘मला जात दिसतच नाही’ असं म्हणणं त्यालाच परवडतं, ज्याला जातीमुळे कधी अडलेलं नाही.

‘आप’ म्हणवून घेण्याची चळवळ

भिल्लांविषयीच्या आजच्या समजुती बऱ्याच अंशी जुन्या दप्तरांतून आल्या आहेत. खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर डोंगरातल्या भिल्लांनी त्यांना सुखानं राज्य करू दिलं नाही. मग दप्तरांत भिल्ल म्हणजे लुटारू असं लिहिलं जाऊ लागलं, आणि 1825 मध्ये जेम्स औट्रमनं भिल्लांचीच पलटण उभारून भिल्लांना काबूत आणलं. पुढे सावकारी आली, कागद आले, अंगठे आले. तापीकाठच्या काळ्या जमिनी हातच्या गेल्या आणि ज्यांच्या त्या होत्या, तेच त्यांवर सालदार म्हणून राबू लागले. सालदाराला वर्षाची मजुरी ठरवून दिली जाई आणि बोलताना एकेरीत हाक मारली जाई.

या एकेरी हाकेलाच तळोदा तालुक्यातल्या एका भिल्ल माणसानं हात घातला. मोरवड गावचे गुलाम महाराज. 1937–38 च्या सुमारास त्यांनी लोकांना सांगितलं की दारू सोडा, रोज अंघोळ करा, आरतीला या, आणि एकमेकांना ‘आप’ म्हणा. नवऱ्यानं बायकोला, बापानं पोराला, लहानानं मोठ्याला, सगळ्यांनी सगळ्यांना. पंथाचं नावच ‘आप’ पडलं आणि भेटल्यावर ‘आप की जय’ म्हणायची रीत झाली. त्यांच्या आरतीला डोंगरातून आणि सपाटीवरून हजारो माणसं चालत येऊ लागली. 1938 मध्ये महाराजांचं निधन झालं. भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे चालवलं, तेव्हा जमीनदार बिथरले आणि इंग्रज सरकारनं रामदास महाराजांना जिल्ह्याबाहेर काढलं.

नुसत्या संबोधनाला सरकारनं एवढं का घाबरावं? कारण ज्याला स्वतःच्या घरात ‘आप’ ऐकायची सवय झाली, तो मालकाच्या ओट्यावरची ‘अरे’ची हाक निमूट ऐकून घेत नाही. इथं एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. खानदेशात बोलण्याची ढब मुळातच मोकळी आहे. अहिराणीत एकेरी बोलणं आपुलकीचंही असतं, आणि तसं बोलणाऱ्या प्रत्येकावर अपमानाचा आरोप ठेवणं अन्यायाचं होईल. कसोटी सोपी आहे: एकेरी दोन्ही बाजूंनी चालतं का? शेठजी म्हाताऱ्याला ‘अरे’ म्हणतात, तसं म्हाताऱ्यानं शेठजींना म्हटलं तर चालेल का? चालत असेल तर ती माया. चालत नसेल तर ती पायरी.

समजा, खापरच्या एखाद्या दुकानात कॉलेजात शिकणारी नात आजोबांबरोबर आली आहे. दुकानदार तिशीचा, आजोबा सत्तरीचे.

‘काय रे, काय देऊ?’

‘शेठ, आजोबांना अहो म्हणा ना. तुमच्या वडिलांपेक्षा मोठे आहेत ते.’

‘अगं, आम्ही तर प्रेमानंच बोलतो. तुझ्या आजोबाला विचार, किती वर्षांचे संबंध आहेत आमचे.’

‘संबंध आहेत म्हणूनच तुम्हाला म्हणते. दुसऱ्या दुकानदाराला म्हटलंही नसतं. आत्ता ते पाटील येऊन गेले, त्यांना तुम्ही अहो म्हणालात. आजोबांनी ते ऐकलं.’

नात ओरडली नाही आणि तिनं दुकानदाराला जातीयवादीही ठरवलं नाही. जुने संबंध तिनं मान्य केले आणि त्यांच्याच आधारावर फरक दाखवला. शेवटचं वाक्य तर नुसती वस्तुस्थिती आहे: आजोबांनी ते ऐकलं. दुकानदार त्या क्षणी ओशाळेल, चिडेल किंवा हसून विषय बदलेल. पण पुढच्या खेपेला आजोबा समोर आले की ‘काय रे’ म्हणण्याआधी तो अडखळेल. अशा बोलण्यातून पहिल्या दिवशी एवढंच मिळत असतं.

कीव आणि करुणा

करुणा म्हटलं की आपल्याकडे डोळे पाणावलेला एखादा दाता उभा राहतो. दिवाळीला पाड्यावर जुने कपडे वाटणारे, पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊन फोटो काढणारे लोक मनानं वाईट नसतात. पण ती कीव झाली. कीव वरून खाली पाहते. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये करुणेच्या पुढे मैत्रीचं स्थान ठेवलं आहे. करुणा माणसांपुरती, मैत्री सगळ्या जीवमात्रांपर्यंत पोचणारी, अशी त्यांची मांडणी आहे. ओळखीच्या प्रश्नावर बोलताना हा क्रम फार उपयोगी पडतो, कारण मैत्रीत कुणी कुणाला उपकृत करत नाही.

दया आणि बरोबरी यांतला फरक याच भागातल्या शहाद्यानं 1970 च्या दशकात अनुभवला. पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती सर्वोदयाच्या वाटेनं काम करत होते. गुलाम महाराजांचा वारसा मनात, भजन तोंडी, आणि लढा जमिनीचा. 30 जानेवारी 1972 ला शहाद्यात भूमुक्तीची परिषद झाली. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली आणि मुंबई-पुण्याचे शिकलेले तरुण नोकऱ्या सोडून इथं येऊन राहिले. पुढच्या वर्षी बायकांनी गावोगावचे दारूचे अड्डे फोडले. गेलेल्या जमिनी परत करण्याचा 1974 चा कायदा राज्यानं केला. सालदारांच्या मजुरीची बोलणी मालकांशी समोरासमोर बसून होऊ लागली. मालक मनानं अचानक मऊ झाले म्हणून ती झाली नाहीत. मजूर एकजुटीनं बसले, म्हणून मालकालाही बसणं भाग पडलं. चांगला संवाद पुष्कळदा संघर्षानंतरच शक्य होतो. आधी बोलू, हक्काचं नंतर पाहू, असं म्हणणारी करुणा लबाड असते.

याच चळवळीतून वाहरू सोनवणे हे भिल्ल कवी पुढे आले. ‘गोधड’ हा त्यांचा संग्रह 1987 चा. त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेनं चळवळीतल्या सद्भावी मंडळींनाच आरसा दाखवला. आमच्या दुःखाविषयी बोलायला व्यासपीठावर तुम्ही, आणि ऐकायला खाली आम्ही, असा तिचा रोख आहे. ज्यांनी घरदार सोडलं त्यांनाही हे ऐकावं लागलं, आणि ऐकणं कठीण गेलं असणार. पण त्यात शिकण्यासारखं मोठं आहे. दुसऱ्याच्या बाजूनं बोलता बोलता आपण त्याच्या जागी बोलू लागतो, आणि त्याची जागा आपण अडवली हे आपल्याला कळतही नाही.

अक्कलकुवा तालुक्यातच याची उलट बाजूही दिसली. नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली 33 गावं जाणार होती. मणिबेली त्यांतलं अगदी पहिलं. पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसणारे लोक सरकारी कागदावर ‘अतिक्रमणदार’ ठरले होते. 1991–92 मध्ये जागतिक बँकेनं नेमलेली ब्रॅडफर्ड मोर्स यांची स्वतंत्र समिती खोऱ्यात आली, गावोगाव फिरली, लोकांशी बोलली. तिच्या अहवालात एक प्रश्न सविस्तर मांडला आहे: हे लोक आदिवासी आहेत की नाहीत, आणि ते ठरवायचं कुणी? जमिनीशी, देवांशी आणि एकमेकांशी असलेलं लोकांचं नातं ऐकून घेतल्यावर समितीनं त्यांचं वेगळेपण मान्य केलं आणि ‘अतिक्रमणदार’ हा शिक्का अन्यायाचा ठरवला. 1993 मध्ये बँक प्रकल्पातून बाहेर पडली. धरण थांबलं नाही. तरी नीट ऐकलं की कागदावरचा माणूस कसा बदलतो, हे त्यातून दिसलं.

वर्गात हात वर करायला लावल्यावर

ओळख चव्हाट्यावर आली की माणसाच्या आत काय होतं, याचा एक प्रयोग भारतातच झाला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघी अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावर चक्रव्यूह सोडवायला दिले. प्रत्येक सोडवणुकीला पैसे होते. जात जाहीर केली नव्हती तेव्हा वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींची मुलं सारखीच हुशार ठरली. मग दुसऱ्या गटांत प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. तीच कोडी, तेच पैसे. पण खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. हा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला.

आता आपल्या शाळा आठवा. ‘स्कॉलरशिपवाले उभे राहा.’ ‘एसटीचे हात वर करा, दाखले आणलेत का?’ गुरुजींना घाईत यादी पूर्ण करायची असते, मनात काही नसतं. पण त्याच तासाला गणिताची चाचणी असेल, तर त्या हातांनी काय सोडवायचं? हीच माहिती मधल्या सुट्टीत एकेकाला बाजूला बोलावून विचारता येते, किंवा कागदावर लिहून घेता येते. करुणा म्हणजे मोठा त्यागच असतो असं नाही. पुष्कळदा ती कामाची रीत बदलण्याएवढी साधी असते.

खापरच्या आजूबाजूच्या शाळांत आणखी एक गोष्ट रोज घडते. मूल देहवालीत उत्तर देतं, बाहेरून आलेल्या शिक्षकाला ते कळत नाही, आणि पटावर मूल ‘अबोल’ ठरतं. उत्तर बरोबर होतं की चूक, हे तपासायला वर्गात दुसरं कुणी नसतं. ज्या शिक्षकानं पहिल्या महिन्यात मुलांकडूनच त्यांच्या भाषेतले पन्नास शब्द शिकून घेतले, त्याच्या वर्गात अबोल मुलं कमी निघतील. मुलांनी गुरुजींच्या चुका हसत सुधाराव्यात यातही बरोबरीचा एक धडा आहे.

पटवून देण्यापेक्षा विचारणं

अमेरिकेत 2008 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी समलिंगी विवाहाविरुद्ध कौल दिला. लॉस एंजलिसच्या एका संस्थेतले कार्यकर्ते डेव्हिड फ्लायशर यांच्या पुढाकारानं विरोधी मत देणाऱ्यांच्या दारोदार गेले. त्यांनी वाद घातला नाही. तुम्हाला असं का वाटतं, तुमच्याशी कुणी कधी तुच्छतेनं वागलं आहे का, असं विचारलं, शांतपणे ऐकलं, आणि मग स्वतःचा अनुभव सांगितला. संशोधक डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ काला यांनी ही पद्धत मायामीत तपासली. ट्रान्सजेंडर लोकांविषयी सुमारे दहा मिनिटांचा असा संवाद झाला, आणि त्यानं घटलेला पूर्वग्रह किमान तीन महिने टिकला. हा अभ्यास 2016 मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. 2020 मध्ये त्यांनीच स्थलांतरितांच्या प्रश्नावर दाखवलं की नुसते मुद्दे मांडले तर परिणाम होत नाही. न्यायाधीश न बनता अनुभवांची देवाणघेवाण झाली तरच होतो.

याच्या जोडीला गॉर्डन ऑलपोर्ट यांचं 1954 मधलं निरीक्षण ठेवावं: दोन समाज एकत्र आले की पूर्वग्रह आपोआप जात नाही. दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एक हवं, सहकार्य हवं आणि वरून पाठबळ हवं. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात 2017 मध्ये 1,261 तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा घेऊन हे तपासलं. मिश्र जातींच्या एकाच संघात खेळलेल्यांच्या दुसऱ्या जातींत मैत्र्या वाढल्या. दुसऱ्या जातीच्या संघाशी फक्त विरुद्ध खेळलेल्यांच्या उलट कमी झाल्या. खापरच्या मैदानावर टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. समाजवार संघ पाडले की हरलेला संघ समाजाचा होतो. चिठ्ठ्या टाकून संघ केले तर झेल सुटल्यावर शिव्या देणाराही आपलाच आणि पुढच्या चेंडूला पाठ थोपटणाराही आपलाच.

तीन अवघड वाक्यं

या भागात, आणि एकूण महाराष्ट्रातच, तीन वाक्यं वारंवार कानावर येतात. त्यांना उत्तर कसं द्यावं?

पहिलं: ‘आणखी किती वर्षं सवलती?’ याला आकडेवारी फेकून मारता येते, आणि बहुधा तीच फेकली जाते. पण हे वाक्य बोलणाऱ्याच्या घरात बहुधा नोकरी न मिळालेला मुलगा असतो. आधी त्या मुलाची चौकशी करा. त्याचं दुःख खरं आहे, फक्त त्याचं बोट चुकीच्या दिशेला आहे. त्यानंतर आपल्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला माणूस कोण, तो किती मैल चालत शाळेत गेला, हे सांगितलं की ते ऐकलं जाण्याची शक्यता वाढते.

दुसरं: ‘आमच्या आजोबांनी काय केलं असेल ते केलं, माझा काय दोष?’ दोष नाहीच. आजोबाही उपाशीपोटी लांबून आले असतील, घाम गाळून त्यांनी मळे फुलवले असतील. हे मोकळेपणानं मान्य करावं. पण वारशात मळा आला तर त्याच्या सातबाऱ्यावरच्या जुन्या नोंदीही आल्या. दोष वारशानं येत नाही, जबाबदारी येते. आजोबांना गुन्हेगार ठरवण्याचा हट्ट सोडला की नातवाला ती उचलणं थोडं सोपं जातं.

तिसरं: ‘तू आदिवासी वाटत नाहीस.’ बोलणाऱ्याला हे कौतुक वाटतं. यावर चिडण्याचा हक्क ऐकणाऱ्याला आहेच. ज्याला जमेल त्यानं एवढंच विचारावं, ‘आदिवासी कसा वाटतो?’ पुढचं काम बोलणाऱ्याचं त्यालाच करू द्यावं.

आपल्या माणसांतलं अवघड बोलणं

ओळखीचे वाद फक्त दोन समाजांत नसतात. खोट्या दाखल्यांचा प्रश्न नंदुरबारात दुखरा आहे. खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी टिकणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं, आणि हक्काची जागा हिरावली गेल्याचा राग रास्तच आहे. दुसऱ्या बाजूला, ज्याचा दाखला खरा आहे अशा तरुणालाही पडताळणी समितीपुढे तुमचे देव कोणते, लग्नं कशी लागतात, बोली येते का, अशी उलटतपासणी सोसावी लागते. पुण्यात वाढलेल्या मुलाला सगळे विधी कुठून माहीत असणार? 24 मार्च 2023 च्या निकालात न्यायालयानं स्पष्ट केलं की ही आप्तभाव चाचणी निर्णायक कसोटी मानता येणार नाही, कारण स्थलांतरानं आणि शिक्षणानं चालीरीती बदलतात. आदिवासी असणं म्हणजे काळात गोठून राहणं नव्हे, असाच याचा अर्थ.

धर्माचाही प्रश्न आहे. एकाच पाड्यात कुणी याहामोगीला नवस बोलतो, कुणी माळकरी होतो, कुणी चर्चला जातो. ‘आदिवासी’ म्हणायचं की ‘वनवासी’ यावरही घरात वाद झडतात. घटना समितीत जयपालसिंग मुंडा यांनी ‘आदिवासी’ याच नावाचा आग्रह धरला होता. 1952 पासून काम करणारा वनवासी कल्याण आश्रम दुसरं नाव वापरतो. जागतिक आदिवासी दिनी, 9 ऑगस्टला, नंदुरबारच्या रस्त्यांवर जी गर्दी लोटते, तिनं आपली पसंती उघड सांगितली आहे. पाहुण्यानं एवढंच पाळावं की ज्याचं नाव त्यानं सांगावं आणि आपण तेच घ्यावं. घरातल्यांनी आपसात पाहिजे तेवढं भांडावं, पण धर्म बदललेल्या भावाला पंचांत बोलायची जागा ठेवूनच.

आधी कुणी झुकायचं?

करुणेच्या नावाखाली सहन करण्याचं काम पुन्हा त्याच माणसावर टाकलं जातं, ज्यानं आजवर सहन केलं आहे. अपमान झाला तर त्यानंच शांत राहायचं, त्यानंच समजावून सांगायचं, समोरच्याच्या भावना त्यानंच जपायच्या. हे न्यायाचं नाही. प्रत्येक वेळी शिकवणं ही दुखावलेल्या माणसाची ड्यूटी नाही. ‘आज नको, आज बोलायची ताकद नाही’ म्हणण्याचा त्याला हक्क आहे. जिथं अत्याचार झाला तिथं तर संवादाची भाषाच गैर. तिथं 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा आहे आणि पोलीस ठाणं आहे. महाराष्ट्रातल्या एका भिल्ल स्त्रीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात 5 जानेवारी 2011 ला सर्वोच्च न्यायालयानं गुन्हेगारांची शिक्षा कायम ठेवली, आणि आदिवासींवर झालेल्या ऐतिहासिक अन्यायाची कठोर शब्दांत नोंद घेतली. गावात मिटवामिटवी करून हे घडलं नसतं.

म्हणून ज्याच्या हातात खडू, गल्ला, शिक्का किंवा माइक आहे, त्यानं आधी झुकावं. शिक्षकानं यादी खाजगीत करावी, कारकुनानं सत्तरीच्या माणसाला खुर्ची देऊन मग कागद मागावेत, दुकानदारानं दोन्ही गिऱ्हाइकांना एकच संबोधन वापरावं, सभेच्या संयोजकानं आदिवासींच्या प्रश्नावरचं पहिलं भाषण आदिवासीला द्यावं, शेवटचं आभारप्रदर्शन नव्हे. यांतल्या एकाही गोष्टीला अनुदान लागत नाही की शासननिर्णय लागत नाही. एवढं झाल्यावर आडनाव खुशाल विचारावं. खापरकडच्या माणसाला आपलं आडनाव सांगायची लाज कधीच नव्हती. त्यापुढे देव कुठला, गाव कुठलं, हद्दीपलीकडे भाऊबंद किती, हेही तो आपणहून सांगेल, आणि मग तुमचंही विचारेल. त्याचं उत्तर तयार ठेवावं.